चांदीचा उजवा सड

मामा, परवा तुमच्या दहाव्याला मी पंगतीत वाढायला उभी राहिले. बायकांत बसून रडणं मला जमेना. बुंदीचं घमेलं घेऊन फिरत होते, तर मांडवगणचाच कुणी म्हातारा ताटावरून मान वर करून म्हणाला, "तू पुण्याची भाची न्हवं? दुधाची डॉक्टर झालेली?" मी हो म्हटलं. "लई नाव काढायचा तुझं," म्हणाला. मी त्याला दोनदा बुंदी वाढली आणि पुढच्या ताटाकडं सरकले.

तुम्हाला दोन गोष्टी सांगायच्या राहिल्यात. एक आनंदाची, एक लाजेची. लाजेची सांगितल्याशिवाय आनंदाची सांगता येत नव्हती, आणि लाजेची सांगायचं धाडस होत नव्हतं. म्हणून दोन्ही राहिल्या. दोन वर्षं राहिल्या. पुण्याहून मांडवगण काही सातासमुद्रापलीकडं नाही, शिरूरला एक एसटी बदलली की दुपारच्या जेवणाला माणूस तुमच्या ओट्यावर. पण दर सुट्टीला मला काहीतरी काम निघायचं. काम काढायला मी हुशारच आहे.

आठवीला आईनं मला खुटबावहून तुमच्याकडं धाडलं तेव्हा मला वाटलं होतं, चार पोरींतली नकोशी मीच असणार. तुम्ही मला पहिल्याच दिवशी शेळ्यांच्या दावणीला नेलंत. तुमच्या आज्यानं मेंढरं घेऊन कोकणापर्यंत पायपीट केलेली. तुम्ही कालव्याच्या पाण्यावर ऊस लावून स्थिरावलात, पण जनावराशिवाय करमेना म्हणून दहा-बारा शेळ्या ठेवल्यात. मला खाली बसवून तुम्ही म्हणालात, "अंगठा मुडपू नको, मंगे. सडाला इजा हुती. मुठीत धर. आन् आधी कासंवर हात फिरव, बोल कायतरी. वळख दे. वळख दिल्याबिगार कुनी पान्हा सोडत न्हाई."

तिथून आपला वाद सुरू झाला तो संपलाच नाही. बारावीला शिरूरच्या कॉलेजात शास्त्र शिकून आले आणि तुम्हाला ऐकवलं, दूध खुराकातून येतं, रक्तातून येतं, संप्रेरकं म्हणून काही असतात त्यांच्या हुकमानं येतं. तुम्ही तंबाखू मळत ऐकलंत. मग म्हणालात, "खुराकाचं दूध आस्तं तर पेंडीच्या पोत्यालाच सड फुटलं आस्तं." मामी पदर तोंडाला लावून हसली. मी चिडून जेवले नाही.

पुण्यात संशोधनाला लागले ते याच वादापायी, हे मी कुणाला सांगितलं नाही. सरांना सांगितलं, विषय आवडतो. विषय काय, ते तुम्हाला ओट्यावर बसून समजावलं होतं. कासेत लाखो पेशी असतात. त्यातल्या मोजक्याच अशा, की ज्या अजून कुणीच झालेल्या नाहीत. त्यांना मूळपेशी म्हणतात. शेळी गाभण राहिली की त्या वाढायला लागतात. एकीच्या दोन होतात, त्यातली एक आईसारखीच मूळपेशी राहते आणि दुसरी कामाला लागते. तिच्या लेकींतल्या काही दूध करणाऱ्या होतात, काही नळ्यांचं अस्तर होतात, काही बाहेरून आवळून दूध पुढं ढकलणाऱ्या होतात. कुणी काय व्हायचं हे कशावरून ठरतं, ते मला शेळीच्या अंगाबाहेर, काचेच्या गोल, चपट्या पेटीत, डोळ्यांदेखत बघायचं होतं.

तुम्ही दावणीकडं नजर टाकलीत आणि म्हणालात, "म्हंजी बियान्याला राखलेली मेंढी. ती कळपातच ऱ्हाती, तिची लेकरं आपापल्या वाटनं जात्यात." सरांच्या तीन व्याख्यानांत मला इतकं स्पष्ट कळलं नव्हतं. पण तोंडावर मी म्हटलं, "तसंच काहीसं." तुमचं कौतुक करताना माझी जीभ नेहमी अडायची, मामा.

मला गाभण शेळीच्या कासेचा चिमूटभर तुकडा हवा होता. तसा तो कुठं मिळेना. मी तुमच्याकडं आले. तुम्ही विचारलंत, "तिला काय हुनार न्हाई न्हवं?" मी म्हटलं, काही होणार नाही, सुई टोचल्यासारखं, माझी जबाबदारी. तुम्ही चांदीला पुढं केलंत. दावणीतली सगळ्यात गुणी शेळी, पांढरी शुभ्र, चौथा महिना चालू. दुसरी एखादी द्या म्हणून मी म्हटलं होतं, खरंच म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, "इद्येच्या कामाला रोगट जनावर देऊ व्हय?"

माझ्या ओळखीचा एक तरुण पशुवैद्य बरोबर आला होता. तुम्ही चांदीला दोन गुडघ्यांत धरलंत आणि खुंटीवरची भंडाऱ्याची पिशवी मामीला मागितलीत. बिरोबाचं नाव घेऊन तिच्या कपाळाला लावलात, मग बोटाला उरलेला तिच्या कासेला. मी ओरडले, "मामा, तिथं नको, आत्ताच स्पिरिटनं पुसलंय." तुम्ही ओशाळून हात मागं घेतलात. आम्ही कास परत पुसली, चांगली दोनदा पुसली. हे लक्षात ठेवा. मी तरी विसरू शकलेले नाही.

सुई उजव्या बाजूला घातली. पहिल्या खेपेला काहीच आलं नाही, नुसती चरबीची तार. डॉक्टरनं सुई बाजूला पोत्यावर ठेवली. दुसरी स्वच्छ सुई आणलीच नव्हती, आणायची मला सुचली नव्हती. तो म्हणाला, उकळून घेऊ, अर्धा तास लागेल. थर्मासातला बर्फ विरघळत होता, चांदीची भूल उतरत होती, आणि मला शिरूरची एसटी गाठायची होती. मी म्हटलं, "राहू दे, स्पिरिटच्या बोळ्यानं पूस आणि घाल." त्यानं सुई उचलली नाही. मीच बोळा घेतला, मीच पुसली. दुसऱ्या खेपेला तांदळाच्या दाण्याएवढा गुलाबी तुकडा आला. मी तो बाटलीत टाकला आणि तुम्हाला नमस्कार करायचा विसरून पळाले.

आठ दिवसांनी तुमचा फोन आला, किराणा दुकानातल्या एसटीडीवरून. "चांदीची कास दगडावानी झालीया. ताप हाय. डॉक्टरला इचार, काय करू." मी औषधाचं नाव सांगितलं. चांदी वाचली, महिन्याभरानं व्यायली, दोन करडं झाली. पण उजवा सड आंधळा झाला, दुधाचा थेंब येईना, तो कायमचा. एका करडाला तुम्ही बाटलीनं पाजलंत. मी आले तेव्हा तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. बोलला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही नुसतं म्हणालात, "कशानं झालं आसंल गं?" खरं विचारत होतात. तुम्हाला कळून घ्यायचं होतं, पुढं दुसऱ्या जनावराला होऊ नये म्हणून.

आणि मी म्हणाले, "भंडारा लावलात ना कासेला. त्यातनं गेलं असणार."

तुम्ही आपल्या हाताकडं बघितलंत. म्हणालात, "आसंल बाबा. माझंच चुकलं." मामा, मी तिथं उभी होते. तोंड उघडायला मला पुष्कळ वेळ होता. मामीनं चहा आणला, तो मी प्याले.

तो तुकडा मात्र जगला. औषधांच्या पाण्यात धुऊन धुऊन मी त्यातले जंतू मारले आणि पेशी वेगळ्या केल्या. त्या वाढल्या, पेटी भरून वाढल्या, पण वाढण्यापलीकडं काही करेनात. सपाट पसरायच्या, एकीला एक लागून, आणि बसून राहायच्या. दूध करायचा हुकूम देणारी सगळी संप्रेरकं घातली. ढिम्म. पेटीच्या कडक तळाला पेशी आपण कोण हे विसरतात असं वाचलं होतं, म्हणून उंदरांच्या शेपटीतले तंतू विरघळवून त्याचा मऊ थर केला आणि त्यावर पेशी ठेवल्या. तरी तेच. वरून सर विचारायचे, "काय प्रगती?" प्रगती काय, एका मुक्या शेळीचा सड घालवला होता आणि हातात काही नव्हतं.

अशात तुम्ही न सांगता आलात. डोक्याला लाल पागोटं, हातात खरवसाचा डबा. पहारेकऱ्यानं फोन केला, "मॅडम, गाववाले आये है." चांदीला बघायला आलो म्हणालात. मी तुम्हाला बाहेरच्या खोलीत नेलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली एक पेटी ठेवली. चपला तुम्ही दाराबाहेर काढल्यात. आधी तुम्हाला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग दिसलं, आणि तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "ही तर गोधडीची ठिगळं. ह्यात चांदी कुठाय?" खोलीतली एक मुलगी खुदकन हसली.

मी पेटी तुमच्या हातात दिली. त्यातला तो पांढुरका थर तुम्ही उजेडात धरून बघितलात, कडेनं बघितलात. "खरवस हाय ह्यो." मी म्हटलं, उंदराच्या शेपटीचा आहे. तुम्हाला हसू आवरेना, "उंदराच्या गादीवर शेळीचं दूध मागतीया व्हय." मग एकदम गंभीर झालात. "पर ह्यो ताटाला धरून बसलाय, मंगे. कडा सोडव की. खरवसाच्या आपुन सोडवतोच. आन् आखडून बांधल्यालं जनावर कवा पान्हावलंय का?"

तेवढ्यात सर आले. "कोण हे?" म्हणाले. आणि मी म्हटलं, "ज्यांनी नमुना दिला ते शेतकरी आहेत, सर."

तुम्ही माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाहीत. हात जोडलेत आणि म्हणालात, "व्हय सायेब, आमी शेळीवाले." मला सांभाळून घेतलंत. फाटकापर्यंत मी आले, पुढं स्टँडवर सोडायला नाही आले. खरवसाचा डबा आत नेता येत नाही म्हणून पहारेकऱ्याकडं ठेवला होता. संध्याकाळी गेले तर त्यांनी वाटून खाल्लेला. डबा धुऊन ठेवला होता. तो अजून माझ्याकडं आहे, त्यात सुया-दोरे आहेत.

तुमचं बोलणं मी चार महिने मनावर घेतलं नाही. शेळीवाल्याच्या सांगण्यावरून प्रयोग करायचा म्हणजे काय. मग एके दिवशी सगळं करून थकले होते, त्या दिवशी वैतागून एक बारीक पातं घेतलं आणि थराच्या कडा सोडवल्या. तुम्ही मामीच्या सुरीनं सोडवायचात तशाच, गोल फिरवून. थर सुटला आणि पाण्यावर तरंगायला लागला. दुसऱ्या दिवशी बघते तर आकसून निम्मा झाला होता, जाड झाला होता. मला वाटलं, गेलं. टाकायला निघाले होते. मग म्हटलं, राहू दे, बघू.

सहाव्या दिवशी त्या ठिगळांच्या पिशव्या झाल्या होत्या. मामा, गोल, पोकळ, इवल्या पिशव्या. आतल्या पेशी उंच होऊन उभ्या राहिल्या होत्या, सगळ्यांची तोंडं आतल्या पोकळीकडं. बाहेरून त्यांना कवेत घेऊन दुसऱ्या बसल्या होत्या, त्या आवळणाऱ्या. आणि मधूनच कुठं एखादी काहीच न झालेली, तुमची बियाण्याची मेंढी. पोकळीत काय आहे ते तपासलं. ज्याचं दही लागतं, पनीर होतं, ते दुधातलं प्रथिन होतं. चांदीच्या उजव्या सडाचं दूध, पुण्यात, उंदराच्या शेपटीवर.

तळाला घट्ट धरून ठेवलेल्या पेशीला ताणून राहण्यापलीकडं काही सुचत नाही. तळ सैल झाला, की ती आपल्या आकाराला येते, शेजारणीला ओळखते, वर काय अन् खाली काय ते तिला कळतं, आणि मग ती हुकूम ऐकते. नंतर लायब्ररीतल्या जुन्या अंकांत सापडलं की परदेशात हे कधीचं ठाऊक होतं. माझं ते वाचायचं राहिलं होतं. मला ते मांडवगणहून कळलं. आणि खुराक सगळा आधीपासून होता, फक्त वळख नव्हती. वाद तुम्ही जिंकलात. निदान अर्धा तरी. उरलेला अर्धा मी सोडणार नाही, संप्रेरकांशिवाय तुमच्या वळखीलाही दूध फुटलं नसतं.

हे ओट्यावर बसून म्हणायला हवं होतं. त्याच दिवशी दुकानात फोन करून निरोप ठेवायला हवा होता. रिसीव्हर उचललाही होता. पण तुम्ही पहिलं काय विचारलं असतंत ते मला ठाऊक होतं. "कुठल्या खेपंचं गं, पयल्या का दुसऱ्या?" तुमचं लक्ष असायचं बारीकसारीक गोष्टींत. आणि दुसऱ्या म्हटलं असतं की त्या सुईपाशी यावं लागलं असतं. म्हणून ठरवलं, फोटो चांगला निघू दे, मग जाऊ. मग प्रबंध होऊ दे. मग पदवी मिळू दे. प्रबंधाच्या सुरुवातीला आभार मानले आहेत, सरांचे, सहकाऱ्यांचे, काच धुणाऱ्या बाईंचे. तुमच्यासाठी लिहिलंय, 'शिरूर तालुक्यातील एक शेतकरी'. नाव घातलं असतं तर कुणी मारणार नव्हतं.

परवा पंगती उठल्यावर मामी दावणीशी जाऊन बसली. मी पण गेले. चांदी आहे अजून, थकलीय, पुढच्या गुडघ्यांवर घट्टे पडलेत. मामी म्हणाली, "तिला दोनदा गिऱ्हाईक आलं. विकू दिली न्हाई. मंगीचं काम हाय तिच्यात, म्हनायचे." माझं लक्ष खुंटीकडं गेलं. पिशवी तिथंच होती, वर कोळ्यांची जाळी. मी विचारलं, भंडारा लावत नाही का आता जनावरांना?

मामी म्हणाली, "त्यो कवाच सोडला. तुझ्या त्या सुईपास्नं एका जनावराला लावला न्हाई. शेळी व्यायली तरी न्हाई. आमच्या घरात आसं कवा झालं न्हवतं. मी म्हनलं, देवाचं हाय, निदान कपाळाला तरी लावा. तर म्हनायचे, माझ्या हातानं पोरीचं काम नासलं, आता न्हाई."

मग मी विचारलं, मी यायची नाही तेव्हा काय म्हणायचे, रागवायचे का. मामी म्हणाली, "राग कशाचा. म्हनायचे, चांदीचं दूध आजून उतरलं नसंल. उतरलं आस्तं तर मंगी पैली हितं आली आस्ती."

त्यावर मी रडले, मामा. दहा दिवसांत पहिल्यांदा. मग मामीला सगळं सांगितलं, पोत्यावरच्या सुईपासून. ती ऐकत राहिली. तिनं मला जवळ घेतलं नाही आणि हाकललंही नाही. चांदीच्या पुढचा पाला सारखा केला आणि म्हणाली, "हे त्येंना सांगायचं हुतंस." मी पिशवीकडं हात नेला तर म्हणाली, "आत्ता नगं. सुतक हाय. तेरावं हुं दे."

उद्या तेरावं आहे. सुतक फिटलं की मी पिशवी झटकून घेईन आणि दावणीतल्या एकेका जनावराला भंडारा लावीन, चांदीला सगळ्यात आधी. मामीसमोर, तुमच्या पोरांसमोर, जे कुणी पाहुणे राहिले असतील त्यांच्यासमोर मोठ्यानं बोलायचं ठरवलंय. जीभ अडू नये म्हणून आधी इथं लिहून बघते.

दूध उतरलं, मामा, दोन वर्षं झाली. भंडाऱ्यात काही खोट नव्हती. सुई माझी होती.